डोंग्यातून पाणपक्षी पाहायचे तर : झाडीपट्टीच्या तलावांसाठी आखणी

तलावावर पक्षी पाहायला जायचं ठरलं की लोक आधी कॅमेरा चार्जिंगला लावतात. आधी डोंगा, म्हणजे छोटी होडी, बघायला हवी, आणि त्याच्याही आधी डोंगा चालवणारा माणूस. शिंगाड्याचे वेल कुठल्या बाजूला, जाळं कुठं टाकलंय, बुडालेली खुंटं कुठं आहेत, थवा दिवसभर कुठल्या कोपऱ्यात बसतो, हे सगळं त्या ढिवर, म्हणजे मासेमार, भावाला तोंडपाठ असतं. दुर्बीण भारी आणि माणूस नवखा असला की सकाळ वाया जाते. उलट असेल तर साध्या डोळ्यांनीही पुष्कळ दिसतं.

इथलं सगळं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा तलावांना धरून आहे. दोन-चार जणांचा गट, वल्ह्यावर किंवा बांबूवर चालणारा डोंगा आणि हिवाळ्यातली सकाळ, एवढाच हिशेब धरला आहे. मोटारबोटीतून पक्षी पाहणं वेगळं. खरं तर ते पाहणं नसतंच, उडवणं असतं.

तलाव कोणता आणि विचारायचं कोणाला

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंडराजांच्या काळात बरेचसे कोहळी समाजानं बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची मालकी, गेली आणि हे तलाव सरकारकडं आले. पक्ष्यांच्या दृष्टीनं त्यांचा मोठा गुण म्हणजे उथळपणा. तळापर्यंत ऊन पोचतं, म्हणून पाण्याखाली चिला ही पाणवनस्पती वाढते, वर कमळ पसरतं, काठाला देवधान, म्हणजे रानभात, उभं राहतं. बदकांना खायला, लपायला, बसायला सगळं एकाच जागी मिळतं.

पहिल्या वेळी पंधरा ते पन्नास हेक्टरांचा गावतलाव निवडा. इटियाडोह किंवा गोसीखुर्दसारख्या मोठ्या धरणाच्या उघड्या पाण्यावर डोंगा नको. वारा दोन-तीन किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून धावत आला की लाट उठते, आणि डोंग्याच्या काठाला तेवढी लाट पुरते. धरणाच्या बुडीत क्षेत्रात पाण्याखाली वाळकी झाडं उभी असण्याचाही धोका असतो. वैनगंगेवर धरणाच्या खालच्या अंगाला तर जाऊच नका. दारं उघडली की पाणी कधी आणि किती चढेल, ते तुमच्या हातात नसतं.

परवानगीच्या बाबतीत लोक हमखास घोळ करतात, कारण तलाव एकाचा आणि त्यातली मासळी दुसऱ्याची असते. गावतलाव ग्रामपंचायतीकडं, जिल्हा परिषदेकडं किंवा पाटबंधारे खात्याकडं असू शकतो; मासेमारीचा ठेका मात्र बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडं, म्हणजे गावच्या भाषेत सोसायटीकडं असतो. डोंगे सोसायटीच्या सभासदांचेच असतात. म्हणून आधी सोसायटीच्या अध्यक्षांना भेटा, मग ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. पाटबंधारे खात्याच्या तलावावर ‘पाण्यात उतरण्यास मनाई’ अशी पाटी असेल तर ती तुमच्यासाठीही आहे. नवेगावबांधसारख्या ठिकाणी प्रश्न आणखी वेगळा. १९७५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथं वनविभाग जे चालवतो तेवढंच चालतं. ‘ओळखीचा डोंगा आहे’ म्हणून आत घुसलात तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा तुमच्यावर होतो आणि डोंगा त्या बिचाऱ्याचा जप्त होतो.

सारसासाठी डोंगा हे साधनच नाही. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, तेही मोजकेच. परसवाडा, झिलमिलीच्या बाजूला ते पाहायचे ते पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, किंवा रस्त्यावरून, दुर्बिणीनं. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या कडेच्या गवतात त्यांचं घरटं असतं. तेव्हा तर लांबूनही रेंगाळू नये.

महिना, दिवस, तास

स्थलांतरित बदकं ऑक्टोबरच्या अखेरीपासून उतरायला लागतात. खरी गर्दी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. तलवार बदक, थापट्या, मलिन बदक, तरंग, छोटी लालसरी, मोठी लालसरी ही पाहुणी मंडळी. अडई, काणूक, हळदी-कुंकू बदक, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे घरचे. पट्टकदंब हा रानहंस थोडा उशिरा येतो; तो सापडला तर जानेवारीत सापडेल.

महिन्याइतकंच तलावातलं पाणी महत्त्वाचं. धानाला पाणी सोडून तलाव तुडुंबापेक्षा बराच खाली आला की काठाला चिखल उघडा पडतो आणि चिखलात चोची खुपसणारे पक्षी येतात. गच्च भरलेल्या तलावावर बदकं विखुरलेली असतात. फार आटलेल्यात डोंगा चिखलात रुततो आणि ढकलायला खाली उतरलेला माणूस मांडीपर्यंत जातो. म्हणून निघायच्या आठवड्यात फोन करून नेमकं विचारा, ‘भाऊ, पाणी किती उतरलं? डोंगा कुठून लागतो?’

वार बघून जा. रविवार, संक्रांत, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दिवस टाळा. पाळीवर डबा पार्टी आणि स्पीकर असला की थवा शेजारच्या तलावावर गेलेला असतो. शिंगाडा काढणीचे दिवसही सोडा. तेव्हा तलावभर माणसं असतात.

आता तास. जानेवारीत आपल्याकडं सूर्य पावणेसातच्या पुढं उगवतो. सूर्य वर येता येता डोंगा पाण्यात आणि साडेनऊला काठावर, असं गणित ठेवा. नऊपर्यंत पाणी बहुधा आरशासारखं असतं, मग वारा उठतो. पांढऱ्या फेसाचे तुरे दिसायला लागले की चर्चा न करता परत फिरायचं.

धुकं हा गोंदिया-भंडाऱ्याकडचा नेहमीचा अडथळा. पाळीवरून शंभर पावलांवरचं झाड दिसत नसेल तर डोंगा सोडू नका. धुक्यात माणसाला दिशा कळत नाही, आणि पक्ष्याला तुम्ही एकदम अंगावर आल्यासारखे दिसता. तासभर शेकोटीजवळ थांबा. साडेआठलाही धुकं हटलं नाही तर त्या दिवशी पाळीवरूनच पाहा.

आदल्या संध्याकाळी

चार ते सहा या वेळेत पाळीवरून पूर्ण तलाव दुर्बिणीनं चाळा आणि वहीत हातानं नकाशा काढा. पाळ कुठं, सांडवा कुठं, कमळ कुठं, उघडं पाणी कुठं, थवे कुठं. मग नकाशा डोंगेवाल्यापुढं ठेवून त्याच्याकडून तीन गोष्टी भरून घ्या : जाळी, खुंटं आणि खोल जागा. बांबू किती बुडतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मगर आहे का, हेही सरळ विचारा. काही जलाशयांत आहेत आणि गावाला ते माहीत असतं.

सकाळच्या मार्गासाठी दोन विचार असतात आणि ते नेहमी एकमेकांशी जुळत नाहीत. एक, सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पूर्वेच्या काठावरून निघून पश्चिमेकडं बघायचं. सूर्य समोर असला की सगळी बदकं काळी दिसतात आणि मलिन कोणतं, तलवार कोणतं, हे कळत नाही. दोन, जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे थकल्यावर येताना वारा ढकलतो. हिवाळ्यात वारा बरेचदा उत्तर-पूर्वेकडून असतो, त्यामुळं पूर्वेच्या काठावरून निघालं की परतीला तोच वारा तोंडावर येतो. नऊच्या आत परतणार असाल तर उजेडाचं ऐका. उशीर होणार असेल, वल्हं मारणारा एकटाच असेल, किंवा आदल्या दिवशी वारा जास्त होता असं दिसलं असेल, तर वाऱ्याचं ऐका.

डोंगा तपासणं

ढिवराचा डोंगा एक माणूस, जाळं आणि मासळी एवढ्यासाठी केलेला असतो. वजन तो बरंच पेलतो. अडचण वजनाची नसते. मासळी आपल्या मनानं उठून उभी राहत नाही, माणूस राहतो.

तपासणी संध्याकाळीच करा, कारण सकाळी अंधारात घाई होते. आधी डोंगा पाण्यात लोटून रिकामाच अर्धा तास ठेवा. तळाला ओल आली तर चालेल. बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी साठलं तर तो डोंगा नको, किंवा आज डांबर-चिंधी भरून उद्याऐवजी परवा जा. सांधे आणि दोन्ही टोकं हातानं दाबून पाहा. कुजलेलं लाकूड नखानं खरवडलं जातं. पत्र्याचा डोंगा असेल तर गंजाच्या ठिपक्यांवर अंगठा दाबा.

मग वजनाची परीक्षा. जितके बसणार तितके सगळे, सामानासकट, गुडघाभर पाण्यात डोंग्यात बसवा आणि डोंग्याचा काठ पाण्यापासून सगळ्यात खाली कुठं आहे ते बघा. तिथं पूर्ण एक वीत उरली पाहिजे. चार बोटं उरत असतील तर एक माणूस उतरवा. ‘हळू जाऊ, काही होत नाही’ हे वाक्य इथं चालत नाही. कुणी एका बाजूला वाकलं की तेवढी चार बोटं लगेच जातात. साधारण बारा-पंधरा फुटी डोंग्यात चालवणारा आणि दोन पाहुणे, हा आमचा ठोकताळा. तिसऱ्या पाहुण्यासाठी दुसरा डोंगा सांगा.

नवखी माणसं जास्त असतील तर दोन डोंगे जोडून घ्या. सारख्या उंचीचे दोन डोंगे शेजारी ठेवून मध्ये दोन फूट मोकळी जागा सोडायची. नऊ-नऊ फुटांचे दोन जाड बांबू आडवे टाकायचे, एक पुढच्या तिसऱ्या भागावर आणि एक मागच्या. मग चारही जागी नायलॉनच्या दोरीनं काठाला आवळून बांधायचं. गाठी ओल्या झाल्यावर सैल पडतात, म्हणून पाण्यात दहा मिनिटं फिरवून परत आवळा. हा जोड सहसा कलंडत नाही. मात्र तो हळू चालतो आणि कमळात, शिंगाड्यात शिरत नाही, तेव्हा मार्ग उघड्या पाण्याच्या कडेनं ठेवा.

लाकडी डोंगा उलटला तरी तरंगत राहतो, धरून राहता येतं. पत्र्याचा भरला की तळाशी जातो. त्यात दोन्ही टोकांना वीस लिटरचे झाकणबंद रिकामे कॅन बांधून घ्या. एक कॅन साधारण वीस किलो उचलून धरतो. चार कॅन बांधले की पाण्यानं भरलेला डोंगाही वर राहतो आणि लोकांना धरायला काहीतरी उरतं.

सामान जास्त लागत नाही. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, चालवणाऱ्यालाही. ‘मला पोहता येते’ असं तो म्हणेलच. तुम्हाला वाचवायला तोच लागणार आहे, हे त्याला सांगा. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा डबा तिरपा कापून घ्या आणि दोरीनं डोंग्याला बांधा, नाहीतर गरजेच्या वेळी तोच आधी वाहून जातो. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब आणि तिला पंधरा-वीस मीटर दोरी. एक वल्हं जास्तीचं. जाळ्याची दोरी अडकली तर कापायला चाकू. शिट्टी प्रत्येक जॅकेटला बांधलेली.

लाइफ जॅकेट अंगात घालून एकदा कमरेएवढ्या पाण्यात पाय उचलून पाहा. हनुवटी पाण्याच्या वर राहिली आणि जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं नाही तर ते बरोबर. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला आवळून बांधणं म्हणजे आपलीच फसवणूक. आठ वर्षांखालचं मूल आणि फिट येणारा माणूस यांनी पाळीवरून पाहावं.

कपडे आणि बसण्याची रीत

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली असतो. पाण्यावर तो आणखी बोचतो. जाड स्वेटर एकच घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर घाला. ओला जाड स्वेटर अंगावर ओझं होतो. गमबूट नकोत; आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. मागं पट्टा असलेली साधी चप्पल पुरे. ओढणी, पदर, मफलर खोचून टाका. पांढरा, लाल, पिवळा रंग टाळा. मातकट, मेहंदी, राखाडी ठीक. कोरडे कपडे, टॉवेल आणि घोंगडी काठावरच्या गाडीत ठेवा, डोंग्यात नको.

बसायचं तळाशी, पोतं किंवा गवत अंथरून, काठावर नाही. जड माणूस मध्ये, हलका पुढं, चालवणारा मागं. चढताना डोंगा काठाला आडवा लावा. एकजण काठ धरेल, दुसरा दोन्ही हात दोन्ही काठांवर टेकून मधोमध पाय ठेवेल. कुणाला काही दाखवायचं असेल तर बोट न करता घड्याळाची भाषा वापरा : डोंग्याचं नाक म्हणजे बारा. ‘दोन वाजता, कमळाच्या मागं, तीन अडई.’ सगळे एकदम एका बाजूला वळणं टळतं, आणि पक्ष्यांना वर उठलेला हात माणसापेक्षा जास्त घाबरवतो.

जवळ कसं जायचं

समुद्रात देवमासे पाहायला नेणाऱ्या छोट्या होड्यांना अनेक देशांत नियम घालून दिलेले असतात. ठरलेल्या अंतराच्या आत जायचं नाही, समोरून आडवं यायचं नाही, पाठलाग करायचा नाही, बाजूनं समांतर जायचं आणि जवळ यायचं की नाही हे त्या प्राण्याला ठरवू द्यायचं. आपल्या तलावावर देवमासा नाही, पण बदकांच्या थव्याला हेच नियम जसेच्या तसे लागू पडतात.

उघड्या पाण्यावर विसावलेल्या थव्यापासून शंभर मीटरवर थांबा. अंतराचा अंदाज येत नसेल तर गावातल्या विजेच्या दोन खांबांमधलं अंतर आठवा. ते साधारण पन्नास मीटर असतं, म्हणजे दोन गाळे. पट्टकदंबासाठी याच्या दुप्पट ठेवा. तो रात्री-पहाटे शेतात चरून येतो आणि दिवसा पाण्यावर किंवा काठावर विसावतो. त्याची झोप मोडली की थवा उठतो आणि फार लांब जातो.

थव्याकडं नाक करून सरळ जाऊ नका. सरळ येणारी वस्तू म्हणजे धाड. थव्याच्या एका कडेला नजर ठेवून तिरकं जा, थांबा, पुन्हा थोडं तिरकं. दर थांब्याला दोन-तीन मिनिटं वल्हं बंद. वल्हं पाण्यातून पूर्ण बाहेर काढायचं नाही, आतल्या आत फिरवायचं. थेंब पडण्याचा आवाज शांत पाण्यावर लांब जातो. उथळ जागी बांबू बरा, पण तो काठावर आपटू नये म्हणून तिथं पोतं गुंडाळा.

खरं अंतर मीटरमध्ये नसतं, पक्ष्याच्या मानेत असतं. झोपलेल्या बदकाची चोच पाठीच्या पिसांत असते, चरणाऱ्याची पाण्यात. आधी दोन-चार माना ताठ होतात. मग सगळा थवा एकाच दिशेला तोंड करतो आणि हळूहळू सरकत एकमेकांजवळ येतो. मग माना वर-खाली झटकायला लागतात. त्यानंतर उडतात. पहिल्याच पायरीला, म्हणजे दोन-चार माना ताठ झाल्या की थांबायचं. दुसऱ्या पायरीला मागं सरकायचं. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलात तर उशीर झाला. काठावरची टिटवी ओरडली की सगळ्या तलावाला खबर जाते. तिचं घर कुठं आहे ते पाहून तो काठ सोडा.

बदकांच्या उडण्यातही फरक आहे. तलवार, मलिन, थापट्या ही वरवर चरणारी मंडळी जागच्या जागी उसळी मारून उठतात. लालसऱ्या बुडी मारणाऱ्या. त्यांना उठायला पाण्यावर धावत जावं लागतं, म्हणून त्या आधी पोहतच लांब जातात. लालसरी दूर पोहत चालली की ‘उडाली नाही, अजून जवळ जाऊ’ असं वाटतं; खरं तर ती निघालेली असते. वारकरी (पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी) आणि टिबुकली एवढे बुजत नाहीत. नवख्यांनी त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

सगळ्यात चांगलं पाहणं हे न हलता होतं. देवधानाच्या किंवा कमळाच्या कडेला बांबू रोवून डोंगा बांधा आणि वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसा. कमळपक्षी पानांवरून चालत येतो, पाणकोंबडी शेपटी हलवत बाहेर पडते, तिरंदाज खुंटावर पंख वाळवत बसतो, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून एक फेरी मारतो आणि सगळे वारकरी एका ढिगाऱ्यात गोळा होतात.

उन्हाळ्यात बेटं आणि वाळूचे पट्टे वर्ज्य. नदी सुरय मार्च-एप्रिलमध्ये उघड्या वाळूवर अंडी घालते. माणूस उतरला की पक्षी उठतो आणि ऊन अंड्यांवर पडतं. अर्ध्या तासात खेळ संपतो. पावसाळ्यात कमळाच्या पानांवर कमळपक्ष्याची, तरंगत्या गवतावर टिबुकलीची घरटी असतात. तेव्हा वल्हं तिथून फिरवायचंच नाही.

काय बिघडतं

जाळ्यात वल्हं अडकणं हे रोजचं. ओढाओढ केली की डोंगा कलंडतो आणि ढिवराचं जाळंही फाटतं. वल्हं सोडून द्या, डोंगा मागं घ्या, मग हातानं सोडवा. चिला वल्ह्याला गुंडाळला तर तीच रीत.

पाण्यातला साप डोंग्यात चढणं हे दुसरं. बहुतेक वेळा तो विरोळा, आपल्याकडचा ढोंड्या. चावरा आहे, पण विषारी नाही. धोका सापाचा कमी आणि त्याला पाहून उठून उभ्या राहणाऱ्या माणसाचा जास्त. सगळे बसून राहा, चालवणारा वल्ह्यानं त्याला बाहेर काढेल. पाळीवर मात्र अंधारात टॉर्च लावूनच चाला. तिथल्या गवतात घोणस असू शकतो आणि ते प्रकरण वेगळं.

धरणाच्या भिंतीला, पुलाखाली, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. त्याच्या खालून डोंगा नेऊ नका, विडी पेटवू नका, अत्तर लावून येऊ नका.

बेशरमाच्या झुडपात डोंगा घुसवला की निघत नाही आणि आत पक्षीही नसतात. अर्जुनी-मोरगावकडं ढिवरांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तिथल्या तलावांवर फरक डोळ्यांनी दिसतो. शक्य असेल तेव्हा असाच तलाव निवडा.

डोंगा उलटलाच तर काठाकडं पोहायला निघू नका. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, थंड पाण्यात श्वास अडखळतो आणि चिल्यात पाय गुंततात. डोंगा धरा, डोकी मोजा, शिट्टी वाजवा. काठावर एक माणूस फोन आणि दुसऱ्या डोंग्यासह हजर असेल तरच निघायचं, ही अट मोडू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आणीबाणीसाठी ११२. शिकारीचं जाळं किंवा विष टाकलेलं धान दिसलं तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ वर कळवा.

दुर्बीण, कॅमेरा, मोजणी

डोंग्यात ८×४२ दुर्बीण घ्या. १० पटीची जास्त जवळ दाखवते, पण डोंग्याचं हलणंही तेवढंच मोठं करून दाखवते. ट्रायपॉड निरुपयोगी. किलो-दीड किलो धान भरलेली कापडी पिशवी काठावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. ४०० मिमी लेन्स असेल तर शटर १/१६०० च्या खाली नको. फ्लॅश नको, रेकॉर्ड केलेला आवाज नको, ड्रोन तर नकोच. फोन झिपच्या पिशवीत आणि गळ्यात.

मोठा थवा मोजताना एक-एक मोजत बसू नका. दहा पक्षी मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि तिच्या पटीत थवा भागा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे नंतर जुळवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्या दिवसांत गेलात तर तुमची यादी तिथं कामी येते. एरवी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. पट्टकदंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, अक्षरांचा रंग, तारीख आणि तलाव लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मंगोलियात असे पट्टे घातले जातात आणि अर्धवट वाचलेला आकडाही त्यांना उपयोगी पडतो. फोटो काढायला जवळ जाण्यापेक्षा अर्धवट आकडा बरा.

पैशांचं

दर आदल्या दिवशीच ठरवा, डोंग्यामागं आणि सकाळमागं. डोंगेवाल्याचं त्या सकाळचं जाळं बुडतं, तेव्हा मजुरी अधिक त्या दिवसाच्या मासळीचा अंदाजे भाव, हा न्याय्य हिशेब. सोसायटीची पावती मिळत असेल तर घ्या. तो पहाटे चारला जाळं काढायला जाणार असेल तर ‘आधी जाळं, मग आम्ही’ असं म्हणा; तुमच्यासाठी त्यानं घाई केली तर दोन्ही कामं बिघडतात. आणि पक्ष्यावर बक्षीस कधीच लावू नका. ‘पट्टकदंब दाखव, पाचशे जास्त देतो’ म्हटलं की भाऊ डोंगा सरळ थव्यात घालणार, आणि दोष त्याचा नसेल. द्यायचेच असतील तर न उडवता परत आणल्याचे द्या.

धुकं किंवा वारा यामुळं बेत रद्द झाला तर अर्धे पैसे द्या. हे आधीच बोलून ठेवलं की सकाळी ‘चला, बघू जमते का’ असं तोही म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणत नाही.

परतल्यावर लाइफ जॅकेटं गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत टांगा. उन्हात पट्टे कडक होतात. धानाच्या कोठाराशेजारी तर ठेवूच नका. उंदीर पट्टे कुरतडतात आणि ते पुढच्या वेळी पाण्यात उतरल्यावर कळतं.